एक रुग्ण, एक क्रमांक

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर गावी असलेल्या मेयो बंधूंच्या दवाखान्याची कीर्ती दूरवर पोहोचली होती. नोंदी मात्र विखुरलेल्याच होत्या. प्रत्येक डॉक्टरची स्वतंत्र जाडजूड वही असे. जुना रुग्ण परत आला, की पूर्वीचे निदान एका वहीत, शस्त्रक्रियेचा तपशील दुसरीकडे, प्रयोगशाळेचा निष्कर्ष तिसरीकडे. शोधाशोधीत वेळ जाई, हे तर झालेच. खरा धोका निराळा होता. समोर बसलेल्या माणसाचा पूर्वेतिहास डॉक्टरच्या हाती अर्धाच येई.

१९०१ मध्ये तेथे रुजू झालेल्या डॉ. हेन्री प्लमर यांनी यावर १९०७ मध्ये तोडगा काढला. प्रत्येक रुग्णाला एक कायमचा क्रमांक आणि त्या क्रमांकाची एकच फाईल; कोणीही तपासो, कागद तिच्यातच जाणार. आपल्या केसपेपरच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला हे इतके उघड वाटेल, की ते कोणाला तरी प्रथम सुचावे लागले असेल असे मनातही येणार नाही. तोवर वही डॉक्टरची होती. आता फाईल रुग्णाची झाली.

मात्र डॉक्टर अनेक आणि फाईल एक, म्हणजे तिला सतत फिरते ठेवणे आले. १९१४ च्या नव्या इमारतीत प्लमर यांनी फायली मजल्यामजल्यांवर पोहोचवणारी यांत्रिक व्यवस्थाच करून घेतली. त्यांच्या सहकारी मेबेल रूट यांनी निदाने व शस्त्रक्रियांनुसार सूची रचली. त्यामुळे एकाच आजाराचे सारे रुग्ण एकत्र अभ्यासता येऊ लागले. स्वतः थायरॉईडच्या विकारांचे तज्ज्ञ असलेल्या प्लमर यांना त्या सूचीचे मोल सर्वांआधी उमगले असणार.