पडद्यावरील देवनागरी : डॉसचा काळ आणि जिस्ट कार्ड

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्यकारभाराची भाषा मराठी ठरली. परंतु १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीच्या पडद्याला ती भाषा ठाऊक नव्हती. ही उणीव ज्या जोड-कार्डाने भरून काढली, त्याचा इतिहास प्रस्तुत निबंधात पाहावयाचा आहे. ते कार्ड मागे पडल्यावर मराठी नोंदींची सुरक्षितता वाढली नाही, उलट काही काळ घटली, असे येथे प्रतिपादन आहे.

डॉस या कार्यप्रणालीत पडदा म्हणजे ८० स्तंभ व २५ ओळींचे दोन हजार खण. प्रत्येक खणात २५६ ठरीव आकृत्यांपैकी एकच बसे आणि या आकृत्या दृश्य-कार्डाच्या कायम स्मृतीत कोरलेल्या असत. रोमन अक्षरांना एवढे पुरेसे होते. ‘खेड’ लिहावयाचे तर ‘ख’च्या माथ्यावर मात्रा हवी, ‘रत्नागिरी’ लिहावयाचे तर ‘त्न’ हे जोडाक्षर हवे, शिवाय ‘गि’मधील वेलांटी उच्चारात नंतर येऊनही लेखनात आधी काढावी लागते. तालुका आणि जिल्हा यांची ही दोन नावेच त्या यंत्राची मर्यादा दाखवावयास पुरेशी आहेत.

ही अडचण केवळ आपली नव्हती. १९८२ मध्ये अमेरिकेत व्हॅन सुवन्नुकुल यांनी हर्क्युलीस कार्ड तयार केले, त्यामागे आपली थाई लिपी पडद्यावर उमटावी हीच निकड होती. ७२० बाय ३४८ ठिपक्यांचे ते कार्ड पुढे जगभर खपले. ज्या लिपीसाठी ते जन्मले तिची आठवण मात्र फार थोड्यांना राहिली.

भारतात या दिशेचे काम आयआयटी कानपूर येथे झाले. १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तेथील देवनागरी संगणकाचे प्रात्यक्षिक झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर मोहन तांबे आदींचे हे काम तेथे आले आणि ‘जिस्ट’ या नावाने कार्डाच्या रूपात प्रसृत झाले. त्यामागील कल्पना साधी व, माझ्या मते, दूरदृष्टीची होती. साठवावयाचा तो वर्ण, आकृती नव्हे. संगणकाच्या स्मृतीत ‘रत्नागिरी’ हे उच्चारक्रमानुसार नऊ संकेतांक म्हणून राही. जोडाक्षर जुळवणे व वेलांटी आधी काढणे हे काम कार्ड पडद्यावर उमटविताना करी. त्यामुळे वर्डस्टार, लोटस किंवा डीबेस यांसारख्या आज्ञावलींना आपण मराठी हाताळीत आहोत याचा पत्ताही नसे.

तडजोड मात्र करावी लागली आणि ती ‘खेड’ याच शब्दावरून समजते. इस्की या भारतीय संकेतप्रणालीत (मानक आयएस १३१९४, १९९१) ‘ख’चा क्रमांक १८० व ‘ड’चा १९१. आयबीएमच्या संचात १७६ ते २२३ या जागा चौकटीच्या रेघांना व छायाखणांना दिलेल्या होत्या, आणि १९१ म्हणजे चौकटीचा वरचा उजवा कोपरा. डीबेसने तक्त्याभोवती चौकट आखली की त्या कोपऱ्यावर ‘ड’ उमटावयाचा! हा घोटाळा टाळण्यासाठी रेघांच्या जागा मोकळ्या ठेवणारी ‘पीसी-इस्की’ ही निराळी मांडणी करावी लागली.

हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नव्हता. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने १९८८-८९ मध्ये देशातील जे आठ जिल्हे निवडले त्यांत वर्धा होता. सातबारा रोमन लिपीत छापून शेतकऱ्याच्या हाती देणे कोणालाही शक्य नव्हते.

नव्वदीच्या दशकात विंडोज आले व अक्षरे ठरीव खणांऐवजी चित्राप्रमाणे आखली जाऊ लागली. खणांवर नजर ठेवणाऱ्या कार्डाचे प्रयोजनच संपले. आता मराठी फाँटमधून येऊ लागली. परंतु यांतील बहुतेक फाँट वर्णाऐवजी आकृतीचे तुकडे साठवीत आणि प्रत्येक कंपनीची तुकड्यांची क्रमवारी वेगळी. एका कार्यालयातील मजकूर दुसऱ्या कार्यालयात निरर्थक चिन्हांची रांग ठरे. पडदा सुंदर झाला, नोंद मात्र दुबळी झाली. विंडोज २००० मध्ये युनिकोडवर आधारित देवनागरी व र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा फाँट आल्यावर वर्ण साठविण्याचे मूळ तत्त्व परत आले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

आज जिस्ट कार्ड कोठे सापडले तरी ते बसवावयास आयएसए खाच नाही. इंटेलने २०१७ मध्ये, २०२० पर्यंत जुन्या बायोसचा आधार काढून घेण्याचे जाहीर केले. त्यामुळे अनेक नव्या यंत्रांवर मूळ डॉस सुरूच होत नाही. तरीही कोकणच्या दमट हवेत एखादी फ्लॉपी शाबूत राहिली व वाचता आली, तर तीतील इस्की मजकूर, मांडणी कोणती हे ओळखल्यावर, एका तक्त्याच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येतो. त्यासाठी कार्डाची गरज नाही. त्यानंतरच्या दशकातील फाँटमधील मजकुरासाठी आधी फाँट कोणता हे कळावे लागते, आणि डीबेसच्या फाइलीत फाँटचे नाव लिहावयास जागाच नसते.