वजन, वेग आणि पाणी : आउटबोर्ड इंजिनाच्या तुलनेचा इतिहास

छोट्या नावेच्या मागील आडव्या फळीवर बाहेरच्या अंगाने अडकवता येणाऱ्या, आणि यंत्र, उभा दांडा व पाण्यात फिरणारा पंखा एकत्र जोडलेले असणाऱ्या इंजिनाला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. हौशी नावेसाठी असे इंजिन घेणारा आजचा ग्राहक वजन, अश्वशक्ती, इंधनाचा खप आणि प्रदूषण यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहतो. परंतु या कसोट्या एकाच वेळी अस्तित्वात आलेल्या नसून शंभराहून अधिक वर्षांत एकामागून एक रुजल्या आहेत, आणि नवी कसोटी आली की आधीच्या कसोटीवर श्रेष्ठ ठरलेल्या इंजिनाचे स्थान डळमळीत झाले आहे.

पहिली कसोटी वजनाची होती. पॅरिसच्या गुस्ताव्ह त्रूव्हे याने 1881 मध्ये सीन नदीवर विजेची मोटर लावून नाव चालवली आणि अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने 1905 च्या सुमारास पेट्रोलच्या इंजिनाचे प्रयोग केले, तरी या व्यवसायाचा पाया भक्कम झाला तो विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात. तेथे नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड याने 1909 मध्ये दीड अश्वशक्तीचे आणि 62 पौंड, म्हणजे सुमारे 28 किलो वजनाचे इंजिन विक्रीस आणले, तर व्यवहाराची आणि जाहिरातीची बाजू त्याची पत्नी बेस हिने सांभाळली. हे इंजिन सुरू करण्यासाठी माथ्यावरील फ्लायव्हील, म्हणजे यंत्राची गती एकसारखी राखणारे जड चाक, त्याच्या मुठीला धरून हाताने फिरवावे लागे, आणि इंजिन सुरू होताच चाकाबरोबर गरगरणाऱ्या मुठीपासून हात चटकन मागे न घेतल्यास बोटे ठेचली जात. एव्हिनरूडने 1914 मध्ये आपला हिस्सा विकला आणि पाच वर्षे स्पर्धेत न उतरण्याचा करार पाळला. त्यानंतर मात्र अ‍ॅल्युमिनियमचा वापर करून त्याने ‘एल्टो’ हे दोन सिलिंडरचे, तीन अश्वशक्तीचे इंजिन बनवले, ज्याचे वजन 48 पौंडच होते. इंडियाना राज्यातील जॉन्सन बंधूंनी 1922 मध्ये दोन अश्वशक्तीचे इंजिन 35 पौंडांवर, म्हणजे सुमारे 16 किलोंवर आणले.

हलकेपणाची ही चढाओढ पुढे वेगाकडे वळली. जॉन्सन बंधूंच्या 1926 मधील सहा अश्वशक्तीच्या इंजिनामुळे लहान नाव पाणी कापत जाण्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली जाऊन धावू लागली, आणि हौशी नौकानयनाचे स्वरूपच पालटले. कार्ल किकहाफर याने 1939 मध्ये विस्कॉन्सिनमध्येच सुरू केलेल्या कारखान्यातून ‘मर्क्युरी’ इंजिने आली, आणि 1957 मध्ये त्याने सहा सिलिंडरचे 60 अश्वशक्तीचे इंजिन बाजारात आणले.

या संपूर्ण काळात टू-स्ट्रोक रचनेचे वर्चस्व राहिले. तीत दट्ट्याच्या एका खाली-वर फेरीत एकदा शक्ती मिळते, स्वतंत्र झडपांची जुळणी लागत नाही, आणि म्हणून इंजिन हलके व जोरकस होते. पण जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम नव्याने आत येणारे इंधन-हवेचे मिश्रणच करत असल्याने त्याचा काही भाग न जळताच निसटतो, आणि वंगणाचे तेल इंधनातच मिसळलेले असल्याने तेही पाण्यात उतरते. इंधन आणि हवा सिलिंडरबाहेरच मिसळून देणारा कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या इंजिनांत इंधनाचा जवळजवळ चौथा हिस्सा अशा रीतीने वाया जात असे. दट्ट्याच्या दोन फेऱ्यांत एकदा शक्ती देणारी आणि तेल वेगळे ठेवणारी फोर-स्ट्रोक रचना होंडाने 1964 मध्येच आउटबोर्डमध्ये आणली होती, तथापि वजन आणि वेग या जुन्या कसोट्यांवर ती मागे पडत असे.

हे चित्र पालटले ते प्रदूषणाच्या नव्या कसोटीमुळे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1996 मध्ये नियम करून नव्या इंजिनांतील हायड्रोकार्बनचे, म्हणजे मुख्यतः न जळलेल्या इंधनाचे, उत्सर्जन टप्प्याटप्प्याने सुमारे 75 टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले, तर अमेरिकेतीलच टाहो सरोवरात 1999 पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांना मनाई झाली. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारून टू-स्ट्रोक टिकवण्याचे प्रयत्न झाले. पण एव्हिनरूड व जॉन्सन ही दोन्ही नावे जिच्याकडे एकवटली होती ती कंपनी 2000 च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली, आणि नव्या मालकांनी 2020 मध्ये एव्हिनरूडचे उत्पादनही थांबवले. एका कुटुंबाने उभारलेल्या उद्योगाचा हा शेवट खेदजनक असला, तरी सरोवर हे केवळ नाव पळवण्याचे पटांगण नसून सर्वांच्या मालकीचे पाणी आहे, हे तत्त्व इंजिनाच्या तुलनेत रुजले, आणि या इतिहासातील सर्वांत मोलाची प्रगती तीच होय.