रसिकता आणि आत्मप्रतीती : दूरस्थ आकर्षणाच्या इतिहासाची काही साधने

१

तारुण्याच्या उंबरठ्यावरील मुलामुलींना पहिली ओढ वाटते ती पुष्कळदा परिचयातील व्यक्तीची नसते. रंगमंचावर किंवा रुपेरी पडद्यावर दुरून पाहिलेल्या एखाद्या विख्यात व्यक्तीची असते. या ओढीला उत्तराची अपेक्षा नसते आणि नकाराचे भयही नसते. म्हणूनच मनात जे प्रत्यक्ष व्यवहारात उच्चारता येत नाही, ते येथे निर्धोकपणे वावरू शकते. ज्यांच्या मनाचा कल स्वलिंगी व्यक्तीकडे असतो, त्यांच्यापैकी अनेकांना पुढील आयुष्यात मागे वळून पाहताना अशाच एखाद्या दूरस्थ आकर्षणात आपल्या कलाची पहिली खूण सापडते. मानसशास्त्राने या अनुभवाचा विचार केला आहे. इतिहासाभ्यासकापुढील प्रश्न मात्र निराळा आहे. आकर्षण वाटणे ही एक गोष्ट. 'या आकर्षणावरून मी कोण आहे हे मला कळते' असे म्हणता येणे ही दुसरी. पहिलीपासून दुसरीपर्यंतचा प्रवास मराठी समाजात कोणत्या मार्गाने झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रवासाचा एक महत्त्वाचा धागा रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात येऊन पोचतो. दापोली तालुक्यातील बुरोंडी हे मासेमारीचे गाव. तेथून किनाऱ्याने उत्तरेस निघाले की लाडघर व कर्दे ही गावे ओलांडून मुरूड लागते. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी या मुरुडात झाला. दापोलीच्या उत्तरेस मंडणगड तालुका असून त्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांच्या बालपणीचा काही काळही दापोलीत गेला. या एकाच मुलखाशी नाते असलेले हे दोन पुरुष १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात एकत्र आले, एक आरोपी म्हणून व दुसरा त्याचा वकील म्हणून. त्या खटल्याचा आपल्या प्रश्नाशी अगदी निकटचा संबंध आहे. परंतु त्याचे मर्म कळण्यासाठी आधी रंगभूमीकडे वळले पाहिजे.

२

पुरुषाने स्त्रीचे रूप घ्यावे व प्रेक्षकांनी त्यावर लुब्ध व्हावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नव्हती. संतांच्या गौळणी व विराण्या यांत पुरुष कवी विरहिणीच्या मुखाने बोलतो. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड्यांत चालत आलेल्या नमन-खेळ्यांत गौळणींची सोंगे परंपरेने पुरुषांनीच वठविली. बुरोंडीसारख्या गावातील मनुष्य चाकरमानी होऊन मुंबईस गेला व तेथे त्याने संगीत नाटक पाहिले, तरी स्त्रीवेषातील पुरुष पाहून त्याला आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' सादर केले तेव्हापासून मराठी रंगभूमीवरही हाच प्रघात होता.

किर्लोस्कर नाटक मंडळीतील भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिकेला व्यावसायिक रंगभूमीवर मोठी लोकप्रियता मिळवून दिली. परंतु या लोकप्रियतेचे शिखर गाठले ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व यांनी. त्यांचा जन्म १८८८ चा. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. १९११ साली 'मानापमान' नाटकातील भामिनी त्यांनी रंगविली. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. 'स्वयंवर' (१९१६) मधील रुक्मिणी आणि 'एकच प्याला' (१९१९) मधील सिंधू या त्यांच्या भूमिकांनी दोन पिढ्यांच्या मनावर राज्य केले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. त्यात केशवराव भोसले धैर्यधर व बालगंधर्व भामिनी होते. नायक व नायिका या दोन्ही भूमिका पुरुषांच्याच होत्या, आणि त्या प्रणयाने रंगून गेलेल्या प्रेक्षकांत गृहस्थ होते, तसे राष्ट्रकार्याला निधी देणारे नागरिकही होते.

बालगंधर्वांच्या लुगडे नेसण्याची, केशरचनेची व अलंकारांची धाटणी प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांनी उचलली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. म्हणजे एका पुरुषाने स्त्रीत्वाचा आदर्श निर्माण केला आणि स्त्रियांनी तो स्वीकारला. येथे आकर्षण कोणाला कोणाचे वाटत होते? प्रेक्षागृहातील पुरुषाला मोह पडे तो भामिनीचा, की ती रंगविणाऱ्या नटाचा? स्त्रीला जी ओढ वाटे ती त्या नटाची, की त्याने उभ्या केलेल्या स्त्रीची, की आपणही तसेच दिसावे या इच्छेची? एकाच मूर्तीत या सर्व वाटा मिसळलेल्या होत्या. त्या वेगळ्या करून पाहण्याची गरज तत्कालीन प्रेक्षकाला वाटली नाही, कारण त्याच्यापाशी 'रसिकता' हा शब्द होता. रसिकतेच्या नावाखाली माणूस वेडा होऊ शकत होता, कर्ज काढून नाटकाला जाऊ शकत होता, रात्रीच्या रात्री जागवू शकत होता. हे वेड त्याच्याविषयी काही सांगते काय, असे त्याला कोणी विचारीत नव्हते. तोही स्वतःला विचारीत नसावा.

आजच्या वाचकाला येथे एक घाईचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. बालगंधर्वांवर लुब्ध झालेले पुरुष हे प्रच्छन्न समलिंगी होते, असे म्हणण्याकडे त्याचा कल होतो. या निष्कर्षाला पुरावा नाही. ज्या समाजात रूढीनेच रंगमंचावरील स्त्री ही पुरुष असते, तेथे त्या रूपाचे आकर्षण हे रूढ संकेताचे आकर्षण होय. परंतु याच्या उलट जाऊन, त्या हजारो प्रेक्षकांत असा एकही नव्हता की ज्याच्या मनात नटाविषयी निराळी कळ उठली, असे म्हणणेही तितकेच निराधार ठरेल. असे प्रेक्षक असणारच. पण त्यांचा अनुभव रसिकतेच्या सर्वसामान्य शब्दांत विरून गेला. रसिकतेने त्यांना आसरा दिला आणि त्याच वेळी अदृश्यही केले. इतिहासाच्या साधनांत त्यांची जी अनुपस्थिती दिसते, ती अनुभवाची अनुपस्थिती नव्हे. प्रथमपुरुषी वाक्याची अनुपस्थिती होय.

३

हे प्रथमपुरुषी वाक्य मराठीत उच्चारले गेले ते नाट्यसमीक्षेच्या प्रांतात नव्हे, तर आरोग्याच्या. र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या पुरस्कारामुळे त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. १९५३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते मासिक चालले. पत्नी मालतीबाईंची साथ हाच त्यांचा मुख्य आधार होता.

१९२७ हे वर्ष दुसऱ्या एका दृष्टीनेही लक्षात घेण्याजोगे आहे. याच वर्षी हिंदीत पांडेय बेचन शर्मा 'उग्र' यांचा 'चाकलेट' हा कथासंग्रह निघाला व त्यावर मोठा वाद माजला. पुरुषांना मुलांविषयी वाटणारी आसक्ती हा त्या कथांचा विषय. त्या सुधारणेच्या व निषेधाच्या भूमिकेतून लिहिल्या होत्या. आसक्त माणसाकडे त्यांतील निवेदक बाहेरून पाहतो. 'समाजस्वास्थ्य'ची रीत याहून भिन्न होती. मासिकातील प्रश्नोत्तरांच्या सदरात वाचक आपल्या शरीराविषयी, वासनेविषयी व भयाविषयी स्वतः विचारीत आणि कर्वे त्यांना गणित शिकविणाऱ्या माणसाच्या कोरड्या स्पष्टतेने उत्तर देत. प्रश्नकर्त्याला ते पापी ठरवीत नसत. त्याला माहिती हवी आहे, एवढेच ते गृहीत धरीत. वाङ्मयप्रकार म्हणून प्रश्नोत्तराचे सदर अगदी सामान्य असते. तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे मोल फार मोठे आहे, कारण 'हा असा असतो' याऐवजी 'मला असे होते. याचा अर्थ काय?' या वाक्याला येथे छापील जागा मिळाली.

कायद्याचा प्रहार नेमका याच जागेवर झाला, हा योगायोग नव्हे. १९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला होऊन त्यांना १०० रुपये दंड झाला होता. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात आक्षेपाचा विषय वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हा होता, आणि त्या प्रश्नांत हस्तमैथुन व समलिंगी संभोग यांविषयीचे प्रश्न होते. डॉ. आंबेडकरांनी कर्वे यांची बाजू मांडली. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, आणि अज्ञानावर उपाय ज्ञानाचाच, हा बचावाचा गाभा होता. खटला हरला, कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. पुढे २०१७ साली अजित दळवी यांनी कर्वे यांच्या या लढ्यावर 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिले व अतुल पेठे यांनी ते दिग्दर्शित केले.

या घटनेला युरोपात एक पूर्वदाखला आहे. हॅवलॉक एलिस यांचा स्वलिंगी आकर्षणावरील ग्रंथ इंग्लंडात १८९७ साली निघाला. त्याचा मोठा भाग व्यक्तींनी स्वतः सांगितलेल्या जीवनवृत्तांचा असून, बालपणीच्या पहिल्या ओढीच्या आठवणी त्यांत जागोजागी येतात. दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, तो ग्रंथ विकल्याबद्दल जॉर्ज बेडबरो या इसमावर खटला भरण्यात आला. लंडन काय किंवा मुंबई काय, राज्यसत्तेला आकर्षणाचे रंगमंचीय प्रदर्शन खुपले नाही. खुपले ते स्वतःविषयीचे साधे निवेदन. ज्या शहरात १९२१ साली दोन पुरुषांच्या प्रणयप्रवेशांवर राष्ट्रीय फंड गोळा होऊ शकला, त्याच शहरात तेरा वर्षांनी एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर दिल्याबद्दल दंड झाला. भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम १८६० पासून कृतीला शिक्षा सांगत होते. अश्लीलतेचे कलम प्रश्नालाही शिक्षा देऊ शकले.

४

दरम्यान रंगभूमीचे रूप पालटत होते. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या बोलपटात दुर्गा खोटे तारामतीच्या भूमिकेत दिसल्या. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. खुद्द बालगंधर्व १९३५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथ झाले. नट व भूमिका यांचे लिंग एकच झाल्यामुळे जुन्या संकेतातील सोयीची संदिग्धता नाहीशी झाली. आता नायिकेच्या छायाचित्रावर जीव जडलेल्या मुलीला, 'मला त्या भूमिकेचा मोह पडला' एवढे म्हणून सुटता येईना. आडोसा गेला आणि प्रश्न उघडा पडला.

हा उघडा पडलेला प्रश्न मराठी रंगभूमीने स्वतः हाताळला तो १९८१ साली, विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकात. सुमित्रा ऊर्फ मित्रा ही महाविद्यालयीन तरुणी. पुरुषाविषयी आपल्याला ओढ वाटत नाही ही जाणीव तिला झालेलीच आहे. महाविद्यालयाच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, समोर नायिका म्हणून नमा असते, आणि त्या प्रयोगातून नमाविषयीचे तिचे प्रेम उमलते. बालगंधर्वांच्या काळातील संकेत येथे उलटा झाला आहे: तेथे पुरुष स्त्री होई आणि प्रेक्षकांचे आकर्षण वेषामागे सुरक्षित राही, येथे स्त्री पुरुष होते आणि वेषच तिचे आकर्षण उघड करतो. ती हे सारे बापू या मित्राजवळ बोलते. ऐकणारा आहे म्हणून तिचे वाक्य पूर्ण होते. परंतु भोवतालच्या जगात त्या वाक्याला जागा नाही आणि नाटक तिच्या मृत्यूकडे जाते. कर्वे यांच्या अनाम वाचकाला उत्तर मिळत होते. मित्राला श्रोता मिळाला, पण जगण्याची वाट मिळाली नाही. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत भाऊ व बहीण एकाच तरुणावर प्रेम करतात आणि दोघेही 'मी' म्हणून बोलतात. त्यात मराठी प्रथमपुरुष अधिक मोकळा झालेला दिसतो.

५

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अभ्यासपद्धतीविषयी. दूरस्थ आकर्षण हे लैंगिक कलाचे प्रमाण मानता येत नाही. बालगंधर्वांवर भाळलेला प्रत्येक जण समलिंगी नव्हता. आज एखाद्या नटाचे चित्र वहीत जपणाऱ्या प्रत्येक मुलाविषयीही तसे म्हणता येणार नाही. तेव्हा अभ्यासकाने आकर्षणाचे दाखले मोजण्यापेक्षा, त्या आकर्षणाचा अर्थ स्वतःला विचारण्याची सोय कोणत्या काळी, कोणत्या स्थळी व कोणत्या शब्दांत होती याचा शोध घ्यावा. नाट्यसंगीताच्या आठवणींपेक्षा नियतकालिकांतील प्रश्नोत्तरे, पत्रव्यवहार आणि न्यायालयीन कागद ही या इतिहासाची अधिक बोलकी साधने ठरतील. आपल्या विद्यापीठांतून त्यांकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही.

दुसरी गोष्ट माणसाविषयी. १९७३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आणि १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी कल हा विकारांच्या यादीतून काढला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध ३७७ व्या कलमातून मुक्त केले. मुरूडच्या माणसाला ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी दंड भरावा लागला, तो प्रश्न आज गुन्हा राहिलेला नाही. पण कायदा बदलला म्हणून ऐकणारा आपोआप निर्माण होत नाही. बुरोंडी असो की मुंबई, पडद्यावरील कोणाच्या तरी दर्शनाने ज्याच्या मनात पहिली खळबळ उडाली आहे, त्या मुलाला किंवा मुलीला निर्णय सांगणारा नको असतो. प्रश्न पुरा होईपर्यंत थांबणारा हवा असतो. कर्वे यांनी आपल्या सदरात एवढेच केले, आणि तेवढ्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.