उंदीर पडणे

प्लेगच्या काळातील मराठी आठवणींत ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द वारंवार भेटतात. घरात मेलेला उंदीर दिसला, की बिऱ्हाड उचलून गावाबाहेर झोपडीत जायचे, एवढा अर्थ त्यांत सामावलेला असे. हे लोकज्ञान सरकारी शास्त्राच्या पुढे होते, असे आम्हांला वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतील मांडवीत प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, उंदरांचे माहेरच. तरी उपायांचा रोख राहिला गटारांवर, घाणीवर आणि माणसांवर. १८९७ साली पुण्यात रँडच्या अमलाखाली सोजिरांनी घरे झडती घेऊन रिकामी केली. माजघरेही सुटली नाहीत. घराबाहेर काढले गेले ते माणूस आणि त्याचे सामान. बिळातला उंदीर तिथेच राहिला. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, हे आपल्याला पाठ आहे. जून १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों यांनी कराचीत पिसवांचा प्रयोग केला, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार शरीर शोधतात. म्हणजे ‘उंदीर पडले’ म्हणून घर सोडणारी आजी योग्य क्षणीच निघत होती! तत्कालीन प्लेग कमिशनने मात्र सिमों यांचे म्हणणे फेटाळले.

१९०५ नंतर मुंबईत परळला संशोधकांनी प्लेगच्या घरांत आणि मुद्दाम बांधलेल्या खोल्यांत गिनिपिग ठेवून पाहिले. पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीच्या पिंजऱ्यांतले वाचले. उघड्यांतल्यांना प्लेग झाला.