मुखाची उपश्लेष्मल तंतुमयता

मुखाची उपश्लेष्मल तंतुमयता हा तोंडाच्या आतील अस्तराचा दीर्घकालीन व उत्तरोत्तर वाढत जाणारा विकार आहे. वैद्यकीय व्यवहारात तो 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' किंवा 'ओएसएमएफ' या नावाने ओळखला जातो. बोलीत त्याला 'तोंड आखडणे' किंवा 'तोंड न उघडणे' असे म्हणतात. या विकारात गालाची आतली बाजू, टाळू, ओठ व घशाचा दर्शनी भाग यांतील श्लेष्मल त्वचेखाली तंतूंचे जाड पट्टे तयार होतात, अस्तराची लवचिकता नाहीशी होते आणि तोंडाची उघडझाप कमी कमी होत जाते. सुपारी चघळण्याची सवय हे त्याचे प्रमुख कारण आहे. सुपारीबरोबर तंबाखू असो वा नसो, हा विकार होऊ शकतो. दंतवैद्यकात तो कर्करोगाची शक्यता असलेल्या मुखविकारांत मोडतो. दक्षिण आशियात व दक्षिण आशियाई लोक स्थायिक झालेल्या देशांत तो प्रामुख्याने आढळतो. त्यावरील संशोधनात मुंबई, नागपूर, वर्धा व बेळगाव येथील संस्थांचा वाटा मोठा आहे.

लक्षणे

आरंभीची तक्रार बहुधा साधी असते : तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. पुष्कळ रुग्ण भाजीतले तिखट कमी करतात आणि सवय तशीच चालू ठेवतात. पुढे तोंडात बारीक फोड व व्रण येतात, लाळ कमी सुटते किंवा क्वचित जास्त सुटते, चव कमी होते. मूळचे गुलाबी अस्तर फिके, संगमरवरासारखे पांढरट दिसू लागते. बोट फिरवल्यास गालाच्या आत दोरीसारखे उभे पट्टे हाताला लागतात. पडजीभ आकसून कळीएवढी होते, जीभ बाहेर काढता येत नाही, शीळ घालता येत नाही, फुगा फुगवता येत नाही. पट्टे घशापर्यंत पोहोचल्यास गिळताना त्रास होतो, आवाज नाकातून येतो आणि कानाकडे जाणाऱ्या नळीवर परिणाम होऊन ऐकू कमी येऊ शकते.

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांमधील अंतर तोंड पूर्ण उघडल्यावर साधारणपणे ३५ ते ४५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असते. घरच्या घरी करण्याजोगी चाचणी सोपी आहे : स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये बसली पाहिजेत. दोनच बसत असतील, तर दंतवैद्याला दाखवण्याची वेळ झालेली असते. विकार बळावलेल्या रुग्णाचे तोंड बोटभरही उघडत नाही. त्याला भाकरीचा घास घेता येत नाही. भात-वरण, दूध, पेज अशा पातळ अन्नावर राहावे लागते. दाढ किडली तरी तिथपर्यंत उपकरण पोहोचत नाही. आणखी एक अडचण सहसा ध्यानात येत नाही. अशा रुग्णाला अपघातामुळे किंवा अन्य आजारामुळे शस्त्रक्रियेची गरज पडली, तर पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत तोंडावाटे नळी घालणे अवघड होते आणि भूलतज्ज्ञाला लवचीक दुर्बिणीच्या साहाय्याने नाकावाटे मार्ग काढावा लागतो.

कारणाचा शोध

या विकाराचे आधुनिक वर्णन प्रथम भारताबाहेर झाले. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत तो नोंदवला आणि त्याला कारण अज्ञात असल्याचे सुचवणारे लांबलचक लॅटिन नाव दिले. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. स. ग. जोशी यांनी टाळू व घशाच्या खांबांवरील अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'सबम्युकस फायब्रोसिस' ही संज्ञा त्यांच्यामुळे रूढ झाली. सुश्रुतसंहितेतील 'विदारी' हा मुखरोग म्हणजेच हा विकार, असे पुष्कळ लेखांत एकाचे पाहून दुसऱ्याने लिहिलेले आढळते. तथापि विदारीचे वर्णन घशातील दाहयुक्त सूज व कुजणारे मांस असे आहे; त्यात आणि अस्तर कोरडे व ताठ होण्यात फारसे साम्य नाही.

१९६६ मध्ये डेन्मार्कचे विकृतिशास्त्रज्ञ येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी केलेली व्याख्या आजही आधारभूत मानली जाते. सिरसाट या भारतातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीच्या आद्य अभ्यासकांपैकी होत. त्याआधी, १९६० मध्ये, त्यांनी व डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य लावून प्रयोग केले होते. रुग्णाला तिखट सोसत नाही, तेव्हा तिखटानेच हे घडत असावे, असा तो तर्क होता. पण मेक्सिकोसारख्या भरपूर मिरची खाणाऱ्या देशांत हा विकार दिसत नाही. मिरचीवरचा ठपका पुढील संशोधनात टिकला नाही. जळजळ हा विकाराचा परिणाम आहे, कारण नव्हे. ठेचा खाणाऱ्या प्रदेशातील वाचकांनी हा भेद लक्षात घेण्यासारखा आहे, कारण 'तिखट बाधले' हे निदान आजही घरोघर केले जाते.

संशय सुपारीकडे वळला तो सर्वेक्षणांमुळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखाची तपासणी केली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मुखकर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांविषयीच्या जगातील मोठ्या सर्वेक्षणांत गणला जातो. याच परंपरेतील अभ्यासकांनी १९९० मध्ये गुजरातेतील भावनगर येथील ६० रुग्ण व तेवढ्याच निरोगी व्यक्ती यांची तुलना केली. रुग्णांपैकी ९८ टक्के लोक सुपारी चघळत होते, निरोगी व्यक्तींपैकी ३५ टक्के. सवयीची वारंवारता व वर्षे वाढली की धोकाही वाढत होता. मधल्या काळात, १९८१ मध्ये, कॅनिफ व हार्वे यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर सुपारीचा अर्क घालून कोलॅजनची निर्मिती वाढते हे दाखवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी हीच मानवात कर्करोग निर्माण करणारी वस्तू असल्याचा निर्णय जाहीर केला. तंबाखूविरहित विडाही त्या निर्णयातून सुटलेला नाही.

पुडीतला माल

खाण्याचा प्रकार बदलला तसा विकाराचा वेगही बदलला. हैदराबाद येथील अभ्यासकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेनुसार पानमसाला खाणाऱ्यांत सरासरी २.७ वर्षांत तोंड आखडू लागले होते. पानाचा विडा खाणाऱ्यांत त्याला ८.६ वर्षे लागली होती. विड्यात ओले पान असते, सुपारीचा वाटा मर्यादित असतो आणि तो खाण्याला वेळकाळ असतो. पुडीत पान नसते. सुकवलेली, तुकडे केलेली सुपारीच प्रामुख्याने असते, आणि ती दिवसातून कितीही वेळा तोंडात टाकता येते.

नागपूर येथील १,००० रुग्णांचा २००७ मधील अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. त्यात पुरुष व स्त्रिया यांचे प्रमाण ४.९ : १ असे होते, आणि पुरुषांत हा विकार तिशीच्या आत होण्याचे प्रमाण स्त्रियांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक होते. म्हणजे नोकरी-व्यवसायाला लागण्याच्या, लग्न ठरण्याच्या वयात तरुणांचे तोंड बंद होत होते.

ऊतकांत काय घडते

सुपारीतील अॅरेकोलीन या अल्कलॉइडाचे चुन्याच्या संपर्कात अॅरेकेडीनमध्ये रूपांतर होते. ही द्रव्ये तंतुजनक पेशींना अधिक कोलॅजन तयार करण्यास उद्युक्त करतात. सुपारीतील टॅनिने त्या कोलॅजनाला अशी बळकटी देतात की ते विघटित करणारे विकर निष्प्रभ ठरते. सुपारीत तांब्याचे प्रमाणही लक्षणीय असते, आणि कोलॅजनाचे धागे एकमेकांस जोडणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्यावर चालते. थोडक्यात, निर्मिती वाढते, जोडणी पक्की होते, मोड थांबते. या सर्व प्रक्रियेत टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाची भूमिका मध्यवर्ती असल्याचे अलीकडील संशोधन सांगते. तंतूंच्या दाबाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, वरचा अभिस्तर पातळ होतो, आणि अशा दुबळ्या अस्तरावर कर्करोगकारक द्रव्यांचा मारा चालूच राहतो.

कर्करोगाशी संबंध

केरळातील एर्नाकुलम येथे ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले गेले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ७.६ टक्के रुग्णांना मुखकर्करोग झाला. या विकारातून उद्भवलेला कर्करोग काहीसा वेगळा असतो, असे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. पंकज चतुर्वेदी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडले : असे रुग्ण वयाने लहान असतात, पण त्यांच्यात मानेच्या गाठींपर्यंत रोग पसरण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते. हा दिलासा मर्यादित आहे. तोंड उघडत नसल्यामुळे आतील व्रण दिसत नाही, आणि न दिसल्यामुळे निदान लांबते.

उपचार

तयार झालेले तंतू पूर्णपणे विरघळवणारे औषध आजवर उपलब्ध नाही. सवय सोडल्याने विकार बहुधा आहे तिथे थांबतो, जळजळ कमी होते. परंतु पट्टे नाहीसे होत नाहीत. सवय न सोडता घेतलेल्या कोणत्याही उपचाराचा उपयोग टिकत नाही.

स्टिरॉइड व हायल्युरोनिडेज यांची इंजेक्शने पट्ट्यांत देण्याची पद्धत दीर्घकाळ प्रचलित आहे. तथापि वर्ध्याचे डॉ. राजीव बोरले व सहकारी यांनी १९९१ मध्ये ३२६ रुग्णांच्या अनुभवावरून असे प्रतिपादन केले की वारंवार सुई टोचण्याच्या इजेने तंतू वाढण्याचाच धोका असतो, म्हणून सौम्य उपचार बरे. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन बेळगाव येथे ५८ रुग्णांवर तपासले गेले. २००७ मधील त्या अभ्यासात दररोज १६ मिलिग्रॅम लायकोपीन घेणाऱ्यांचे तोंड सरासरी ३.४ मिलिमीटर अधिक उघडले, स्टिरॉइडची जोड दिल्यावर ४.६ मिलिमीटर. कॉक्रेन संस्थेच्या २००८ मधील चिकित्सक आढाव्यात निकषांना उतरलेले अभ्यास अवघे दोन होते, रुग्ण मिळून ८७. त्यावरून कोणत्याही उपचाराची ठाम शिफारस करता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. ज्या देशात रुग्ण सर्वाधिक, तेथून एवढाच भक्कम पुरावा पुढे यावा, ही बाब खेदाची आहे.

हळदीचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर तालुका केळीबरोबर हळदीसाठी प्रसिद्ध असून शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी १९९७ मध्ये या विकाराच्या रुग्णांना हळदीचा अर्क, हळदीचे तेल व ओलिओरेझिन देऊन पाहिले. मुखातील पेशींच्या गुणसूत्रांची हानी दर्शवणारे सूक्ष्मकेंद्रकांचे प्रमाण त्यामुळे घटले. नंतरच्या अनेक छोट्या अभ्यासांत करक्युमिनमुळे जळजळ कमी झाल्याचे व तोंड काही मिलिमीटर अधिक उघडल्याचे दिसते. मात्र हे अर्क व गोळ्या ठरावीक मात्रेच्या होत्या आणि करक्युमिन आतड्यांतून अत्यल्प शोषले जाते. त्यामुळे आमटीतली हळद किंवा हळदीचे दूध घेऊन सुपारीचा परिणाम पुसला जाईल, असा अर्थ या संशोधनातून निघत नाही.

तोंड अगदीच बंद झाल्यावर शस्त्रक्रिया करतात. पट्टे छेदून उघडी पडलेली जागा गालातील चरबीच्या गोळ्याने किंवा नाकालगतच्या त्वचेने झाकली जाते. मुंबईच्या डॉ. खन्ना व डॉ. अँड्राडे यांनी १९९५ मध्ये या विकाराच्या १०० रुग्णांचा अनुभव मांडून केलेले वर्गीकरण अद्याप वापरात आहे. शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा असतो तो त्यानंतरचा व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून, रोज एखादी वाढवत, दुखत असतानाही कित्येक महिने तोंड उघडण्याचा सराव करावा लागतो. तो सोडला की जखम भरताना तोंड पुन्हा आवळते.

मराठवाड्यातील स्थिती

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ मधील फेरीनुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. म्हणजे राज्याचे व्यसन मुख्यतः चघळण्याचे आहे. मराठवाड्यात पुडी व मावा, तर विदर्भाला लागून असलेल्या किनवट-माहूर भागात खर्राही परिचित आहे. शिवाय जेवणानंतरची सुपारी, मंगलकार्यातील विडा, लग्न ठरले की 'सुपारी फुटली' म्हणण्याची रीत यांमुळे सुपारीला व्यसन मानण्याची लोकांची तयारी नसते. 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो' हे वाक्य निर्व्यसनीपणाचा दाखला म्हणून सांगितले जाते. या विकारापुरता तो दाखला निरुपयोगी आहे. पाहुण्यांपुढे ठेवलेल्या तबकातील गोड सुपारी मुलांच्या हाती पडते, ती सवयीची पहिली पायरी ठरू शकते.

अर्धापूर परिसरातील रुग्णांना तपासणीसाठी नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे. नांदेड व लातूर येथे खासगी दंत महाविद्यालये असून छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे.

कायदा

महाराष्ट्राने ऑगस्ट २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली होती, पण राज्याला तसा अधिकार नाही, या कारणास्तव २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ याखाली जुलै २०१२ मध्ये बंदी पुन्हा आली. ती दरवर्षी नव्या आदेशाने वाढवली जात असून नंतरच्या आदेशांत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा व खर्रा यांचाही समावेश झाला. पानमसाला व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकून ग्राहकाकडून मिसळून घेण्याची पळवाट विक्रेत्यांनी शोधली. तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमा लागून असलेल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांत अंमलबजावणी अधिकच कठीण जाते.

शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. १८ वर्षांखालील मुलांना ते विकताही येत नाहीत. साधी, बिनसुगंधी सुपारी मात्र या तरतुदीत येत नाही. शाळेसमोरच्या दुकानातून कोणत्याही विद्यार्थ्याला ती आजही उघडपणे विकत घेता येते.