कढईतले परवाने

जोहान्सबर्ग, ११ सप्टेंबर १९०६. एम्पायर थिएटरात पाय ठेवायला जागा नाही. खुर्च्या भरल्या, जिने भरले, आता दारांत माणसे दाटली आहेत; सगळी मिळून तीन हजारांच्या घरात. गुजराती व्यापारी, तमिळ कामगार, पठाण, आणि तुमच्या खांद्याला खांदा लावून राजापूरकडचा एक कोकणी मुसलमान. डोक्यावर टोपली घेऊन भाजी-फळे विकणारा. तुम्ही मराठी बोलता हे कळल्यापासून तो तुम्हाला सोडायला तयार नाही. व्यासपीठावरची भाषणे त्याला अर्धीमुर्धी समजतात आणि ट्रान्सवाल सरकारच्या गॅझेटाची इंग्रजी मुळीच नाही.

"वाचा ना भाऊ, काय लिवलंय ते."

तुम्ही वाचता. आठ वर्षांवरच्या प्रत्येक हिंदी माणसाने, मग ती बाई असो की मूल, आशियाई निबंधकाकडे नोंदणी करायची. जुने परवाने परत द्यायचे. नवा दाखला घेताना नाव, पत्ता, जात, वय सांगायचे, अंगावरच्या खुणा दाखवायच्या, दहाही बोटांचे ठसे द्यायचे. पोलीस तो दाखला रस्त्यात कुठेही मागेल, घरात शिरूनही मागेल. नसला तर दंड, तुरुंग किंवा हद्दपारी. आणि दाखल्याशिवाय फेरीचा परवाना नाही.

"पण माझ्याकडं परवाना हाये की. अंगठा दिलाय त्याच्यावर."

दिलेला आहे. बोअर युद्धानंतर ब्रिटिश उच्चायुक्त लॉर्ड मिल्नरच्या सल्ल्यावरून इथल्या हिंदी लोकांनी आपणहून नवे परवाने घेतले होते. कायद्याने तसे बंधन नसतानाही अंगठे उठवले होते. सरकारचे म्हणणे असे की शेजारच्या नातालमधून माणसे चोरून येतात आणि बनावट परवान्यांवर राहतात. तसे कोणी येतच नव्हते असे नाही. आशियाई खात्यातले काही अंमलदारच पैसे खाऊन परवाने विकत होते, हेही तेवढेच खरे. पण अंमलदाराच्या लाचेचा हिशेब तुमच्या शेजाऱ्याच्या बोटांवर मांडला जातोय, आणि त्यालाच तो सर्वांत आधी कळला आहे. त्याचा आवाज चढतो, पुढच्या रांगेतले लोक वळून बघतात.

तेवढ्यात शेठ हाजी हबीब उठतात आणि खुदाला साक्षी ठेवून सांगतात, हा कायदा मी मानणार नाही. व्यासपीठावरचे बॅरिस्टर गांधी क्षणभर दचकतात. ठराव आणि शपथ यांतला फरक ते लोकांना समजावून सांगतात: मागे फिरायचे नाही, तुरुंग, मार, उपासमार, सगळे सोसायचे, आणि शेवटी एकटे उरलात तरी. मग सगळे थिएटर उभे राहते. तुमचाही हात वर जातो.

दहा बोटांनी एवढे काय बिघडते, हा प्रश्न तुम्ही आजच्या काळातून सोबत आणलेला आहे. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा टेकवणे तुमच्या सवयीचे आहे. म्हणून जरा मागे या, कलकत्त्याला, १८९७ साली. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री आणि त्यांच्या हाताखालचे अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्गीकरण बसवले आहे. त्याचे गणित मोठ्या प्रमाणात हक यांचे, नाव मात्र हेन्रींचे. त्याआधी १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने जंगीपूरला एका ठेकेदाराच्या पंजाचा छाप करारावर घेतला होता, तो उद्या नाकबूल करू नये म्हणून. त्या कामाला एक पंजा पुरला. माणूस समोर आहे, 'मी अमुक' असे म्हणतो आहे, आणि तो खरेच अमुक आहे का एवढेच बघायचे आहे. दहा बोटांची गरज पडते ती नाव लपवणाऱ्याला हजारो कागदांच्या फडताळातून हुडकून काढायला. दहा बोटांवरची चक्रे आणि शंख मोजून प्रत्येक कागदाला आकडा मिळतो आणि त्या आकड्याने फडताळातला कप्पा ठरतो. कलकत्त्याच्या कचेरीत हे फडताळ आहे, आणि त्यात गुन्हेगार आहेत.

हेच हेन्री १९०० मध्ये पोलीस दल उभारायला जोहान्सबर्गला आले होते. त्यांचे पुस्तक गांधींनी वाचले, आणि दहा बोटे फक्त गुन्हेगारांची घेतात हे त्यांना त्यातूनच कळले. अंगठा देणाऱ्याला सरकार विचारते, तू तोच का. दहा बोटे मागताना ते आधीच ठरवून बसलेले असते की हा खोटे बोलणार. तुमच्या शेजाऱ्याने हेन्रींचे पुस्तक पाहिलेले नाही, पण त्याचा राग नेमका याच जागी आहे. जेव्हा अमेरिकेच्या रस्त्यावर रंग आणि बोली बघून माणसाला थांबवले जाते, किंवा आसामात २०१९ च्या नागरिक नोंदणीतून १९ लाखांहून जास्त माणसे वगळली गेली आणि आपले असणे आपणच सिद्ध करा असे त्यांना सांगितले गेले, तेव्हा भांडण याच जागेचे असते. ओळख तपासायला कोणाचाच विरोध नाही. संशय कोणावर, आणि पुरावा कोणाच्या डोक्यावर, हा वाद आहे.

जुलै १९०७, प्रिटोरिया. बायकांचे कलम वगळले गेले, तरी कायदा झालाच. परवाना कचेरीच्या बाहेर स्वयंसेवक उभे आहेत. आत जाणाऱ्याला अडवायचे नाही, हात लावायचा नाही, फक्त समजावायचे. भरदिवसा आत जायची लाज वाटणारे व्यापारी आहेत, त्यांच्यासाठी सरकारी अंमलदार रात्री नऊ-दहा वाजता खाजगी जागेत येऊन नोंदणी करतात. त्या बंद दाराकडे बघताना त्या व्यापाऱ्यांचा तुम्हाला राग येत नाही. दुकान, उधारी, घरची माणसे, सगळे एका कागदावर टांगलेले असताना माणूस अंधारात जातोच. नोव्हेंबरअखेर मुदत संपते तेव्हा सुमारे १३ हजारांपैकी जेमतेम पाचशे जणांनी नोंदणी केलेली असते.

पुढे अटका, खटले, तुरुंग. जानेवारी १९०८ मध्ये कैदेतल्या गांधींना ट्रान्सवालचे मंत्री जनरल स्मट्स प्रिटोरियाला बोलावतात. तडजोड होते: हिंदी लोकांनी आपणहून नोंदणी करावी, मग कायदा रद्द होईल, असा शब्द मिळाल्याचे गांधी लोकांना सांगतात. १० फेब्रुवारीला सकाळी तुम्ही फॉन ब्रँडिस रस्त्यावर आहात. शिकलेल्यांना आणि मालमत्ता असलेल्यांना सही पुरणार आहे, तरी गांधी दहाही बोटे द्यायला निघालेत, गरिबाच्या आधी. वाटेत मीर आलम नावाचा पठाण विचारतो, कुठे चाललात? उत्तर ऐकून तो आणि त्याचे सोबती लाठ्या घालतात. गांधी बेशुद्ध पडतात.

मीर आलमचे हात कोणी धरावेत असे वाटत असतानाच त्याच्या रागामागचा प्रश्न तुमची पाठ सोडत नाही. काल जे पाप होते ते आज पुण्य कसे? गांधींचे उत्तर असे की जबरीने वाकवलेले डोके आणि आपखुषीने केलेला नमस्कार यांत फरक आहे. मला हे उत्तर पटते, पण अर्धेच. आपखुषी ही समोरच्याच्या इमानावर उभी असते. स्नेही रेव्हरंड डोक यांच्या घरी, अंथरुणात पडल्यापडल्या, गांधी निबंधक चॅम्नी यांच्यापुढे बोटे शाईत बुडवतात, आणि ते इमान स्मट्स पाळतील असा त्यांचा पूर्ण विश्वास आहे. स्मट्स पाळत नाहीत. कायदा तसाच राहतो.

१६ ऑगस्ट १९०८, हमीदिया मशिदीचे पटांगण. हिवाळ्यातली दुपार, चार वाजलेले. आपणहून घेतलेले दाखले आज जाळायचे आहेत, त्यासाठी एक लोखंडी कढई. तुमचा कोकणी सोबती पुन्हा शेजारी आहे, त्याचा दाखला पत्र्याच्या डबीत. तो विचारतो, हा जाळला तर उद्या टोपली घेऊन निघायचे कसे? तुम्ही त्याला खोटे सांगत नाही. विनापरवाना फेरी म्हणजे तुरुंग आणि सक्तमजुरी. सायकलवरून एक स्वयंसेवक तार घेऊन येतो. सरकार आपला मार्ग बदलणार नाही. लोक ओरडून तिचे स्वागत करतात, जणू तडजोडीची बातमी आली असती तर हिरमोड झाला असता. गांधी म्हणतात, कोणाला कागद परत हवा असेल तर आत्ता मागा, लाज वाटून घेऊ नका. कोणी मागत नाही. मीर आलम पुढे येतो, मारहाण ही आपली चूक होती असे सांगतो आणि आपला मूळ परवाना देतो. गांधी त्याचा हात हातात घेतात. डबी उघडल्याचा आवाज तुमच्या कानाजवळ होतो. मग दोन हजारांवर दाखल्यांवर रॉकेल ओतले जाते आणि सभेचे अध्यक्ष युसूफ मियां काडी लावतात.

यानंतरची शिक्षा तुरुंगापुरती राहिली नाही. सरकारने माणसे डेलागोआ बे बंदरातून बोटीत घालून हिंदुस्थानला धाडायला सुरुवात केली. त्यांत दक्षिण आफ्रिकेतच जन्मलेलेही होते, ज्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. त्यांना कुठे परत पाठवले म्हणायचे? नारायणस्वामी हा सत्याग्रही हद्दपारीनंतर परत आला. त्याला एकाही बंदरात उतरू दिले नाही. बोटीच्या डेकवर हाल काढत ऑक्टोबर १९१० मध्ये तो डेलागोआ बे इथे मेला. कायदा राबवणाऱ्या कोणीही त्याला मारले नाही, फक्त उतरू दिले नाही.

१९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आले, तेव्हा जोहान्सबर्गच्या कोकणी मुसलमानांपुढे आणि मराठी माणसांपुढे ते गांधींच्या आग्रहावरून मराठीत बोलले. तुमच्या सोबत्याला त्या दिवशी दुभाष्या लागला नाही.

पण त्या सभेतून बाहेर पडताना कोपऱ्यावर पोलिसाने थांबवलेला आफ्रिकन माणूस बघा. त्याच्या खिशातही पास आहे, आणि नसेल तर तुरुंग. हिंदी लोकांच्या या थोर लढाईच्या मागण्यांत त्याचा पास कधीच नव्हता. उलट आम्हाला आफ्रिकनांच्या रांगेत बसवू नका, अशी तक्रार गांधींच्या त्या काळातल्या लेखनात आहे. मला ही गोष्ट झाकावीशी वाटत नाही. पासविरुद्ध पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, ब्लूमफाँटेनच्या आफ्रिकन बायका स्वतः उठल्या. ९ ऑगस्ट १९५६ ला प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्जपुढे सुमारे २० हजार बायका जमल्या, आणि त्यांच्या पुढे चालणाऱ्या चौघींत लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, सोफिया विल्यम्स यांच्याबरोबर रहिमा मूसा ही हिंदी वंशाची बाई होती. सह्यांचे गठ्ठे पंतप्रधानांच्या कचेरीत ठेवले गेले. चार वर्षांनी शार्पव्हिलला पासविरोधी जमावावर गोळीबार होऊन ६९ माणसे मेली. पासचे कायदे रद्द व्हायला १९८६ उजाडले.