१९०८ ची नोंद, इंदापूरचा ऊस

वालचंदनगर इंडस्ट्रीजच्या कंपनी ओळख क्रमांकात १९०८ हे साल आहे आणि शेवटी २९१ हा अनुक्रम. हे साल इंदापूर तालुक्यातल्या साखरेशी जुळत नाही. १९०८ मध्ये कळंबच्या शिवारात ना कारखाना होता, ना वालचंदनगर हे नाव. त्या साली मुंबईत नोंदली गेली ती मार्सलँड प्राइस ही बांधकामाची कंपनी. ती वालचंद हिराचंदांच्या हाती आली, कालव्याच्या पाण्यावर तिने ऊस केला, १९३० च्या दशकात साखर काढली आणि पुढे यंत्रेही घडवली. धंदा बदलला, नाव बदलले, १८८२ च्या कंपनी कायद्यानंतर १९१३, १९५६ आणि २०१३ चे कायदे आले. नोंद तीच राहिली. वालचंदांची धडाडी आणि कालवा यांना या वसाहतीचे श्रेय दिले जाते, ते रास्तच आहे. पण १९५३ साली वालचंद गेले आणि भोंगा वाजतच राहिला, तो या नोंदीच्या बळावर. धंद्याला मालकापेक्षा मोठे आयुष्य तिने दिले होते.

नोंदणी म्हणजे करवसुलीची सोय, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला संरक्षण दिले आणि १९३४ मध्ये कारखान्याच्या साखरेवर दर हंड्रेडवेटला १ रुपया ५ आणे अबकारी बसवली. शेजारचे गुऱ्हाळ त्यातून सुटले. पण गुऱ्हाळवाल्याला अनोळखी माणसांकडून भागभांडवल उभारता येत नव्हते, कंपनीला येत होते. शिवाय १९२२ च्या आयकर कायद्यात शेतीचे उत्पन्न करमुक्त होते. स्वतःच्या मळ्यातला ऊस गव्हाणीत पडला की त्याचा बाजारभाव शेतीच्या खात्यावर धरायचा आणि उरलेल्या नफ्यावरच कर भरायचा, असा नियम होता. ही सवलत काट्याच्या पावत्या आणि चोख वह्या असणाऱ्यालाच सिद्ध करता येई. कागद कर लावतो तसा करापासून वाचवतोही, हे इथे स्पष्ट दिसते.

याहून जड आक्षेप जमिनीचा आहे. सारे मळे कंपनीच्या नावावर उघड मांडलेले, म्हणून १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यात ते सहज सापडले आणि शेती महामंडळाकडे गेले. हे खरे, आणि मला ते योग्यही वाटते: कायद्याने उभ्या राहिलेल्या मालकीला कायद्याचा हिशेब चुकत नाही. मळे गेले तरी कंपनी बुडाली नाही. तिच्या कार्यशाळेत इस्रोच्या अग्निबाणांची कवचे तयार झाली. शिवाय नोंदणी ही भांडवलदाराचीच मिरास राहिली नाही. जवळच्याच भवानीनगरला आणि बारामतीजवळ माळेगावला शेतकऱ्यांनी सहकारी संस्था नोंदवल्या, सरकारने भागभांडवल घातले, आणि वालचंदनगरच्या गव्हाणीकडे जाणाऱ्या गाड्यांपुढे दुसरे काटे उभे राहिले.